कापूसवाडीचा नारळ

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही. थोरल्या भावाला तर नाहीच — त्याला सांगायची वेळ आली तेव्हा तो माझ्यासमोर हातभर अंतरावर उभा होता. आता तो हयात नाही. ज्याच्यापाशी बोलायला हवं होतं तो माणूसही हयात नाही. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून तुमच्याजवळ कदाचित बोलता येईल. अडखळलो तर अडखळू द्या. घाई केली की मी पुन्हा काहीतरी गाळीन. गाळण्याची मला सवय आहे.

मी अलिबागच्या शाळेत इतिहास शिकवतो. घर नागावला. आमच्या वाडीत नारळ आणि सुपारीशिवाय काही पिकत नाही, तरी सारं गाव तिला कापूसवाडी म्हणतं. नवा माणूस हसतो, इथं कापूस कुठला? मग कुणीतरी त्याला आमच्या आजोबांची गोष्ट सांगतं. आजोबा मुंबईत कापसाच्या एका दलालाकडे नोकरीला होते. त्याच सुमारास तिकडे अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण अशी यादवी पेटली, तिथला कापूस बंदरातच अडकला, विलायतेच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. आजोबांनी म्हणे घरातल्या गाद्या उसवून आतला कापूससुद्धा विकला आणि चटईवर झोपले. भाव कोसळण्याआधी ते बाजारातून बाहेर पडले आणि नागावला ही वाडी घेतली. वाडीबरोबर विहीर आली, विहिरीवरचा रहाट आला, आणि रहाट हाकणारा माणूसही आला.

तो माणूस चांगूचा आजा. मग त्याचा बाप. मग चांगू.

चांगू कातकरी. त्याचं लग्न आमच्या घरानं लावून दिलं — भात, लुगडं, मांडवाचा खर्च — आणि त्या दिवसापासून तो आणि त्याची बायको सोनी आमच्या घरची झाली. आमच्याकडे अशा माणसाला लग्नगडी म्हणत. लग्नाचं फेडून होईपर्यंत राबायचं, आणि ते कधी फेडून होत नसे, कारण काय दिलं होतं आणि काय फिटलं हे विचारायची रीतच नव्हती. आम्ही त्याला गुलाम म्हणत नव्हतो. छे, तसलं काही आमच्या मनातही येत नसे. पाहुण्यांना आम्ही सांगायचो, "हा आमच्या घरचा माणूस." दसऱ्याला त्याला घोंगडी देत असू. आजारी पडला तर आई काढा पाठवायची. मग वाईट काय होतं? — तुम्ही विचारलं नाहीत. मीच विचारतो आहे. त्या वेळी मात्र कधी विचारलं नाही.

चांगू माझ्याच वयाचा. लहानपणी आम्ही एकाच रहाटाच्या आडव्या लाकडावर बसून रेड्यामागे गोल गोल फिरलो होतो. पुढे मी शाळेत गेलो. तो तिथंच फिरत राहिला. रहाट हाकताना तो गाणं म्हणायचा, बेसूर आणि मोठ्यानं. अण्णा — माझे थोरले बंधू, वाडीचा कारभार त्यांच्याकडे — ओटीवरून ओरडायचे, "चांग्या, रेडा बिचकंल." तो तिकडून म्हणायचा, "रेड्याला आवडतं, अण्णा. तुमालाच नाय आवडत." अण्णाही हसायचे.

युरोपातलं मोठं युद्ध संपून आठ-दहा वर्षं झाली असतील. अलिबागला वाचनालयात वसंतातली व्याख्यानं होत. एका वर्षी मला बोलावलं. विषय मीच निवडला — अमेरिकेतली यादवी, आणि दुभंगलेलं राष्ट्र तिनं कसं घडवलं. महिनाभर वाचत होतो. त्या तयारीत आमच्या गाद्यांची गोष्ट मला नव्यानं दिसली. ज्या लढाईनं तिथल्या लाखो माणसांच्या बेड्या तुटल्या, त्याच लढाईच्या पैशावर आमची वाडी उभी होती. मला मौज वाटली. खरंच, मौजच वाटली. गाद्या उसवल्याचं मी व्याख्यानात सांगितलं तेव्हा सगळी सभा हसली. वाडीबरोबर माणूस आला, ते सांगितलं नाही. गाळण्याची सवय म्हटलं ना, ती ही.

व्याख्यान मात्र चांगलं झालं. लोक पुढे कितीतरी दिवस बोलत होते. कापसाची शेतं, माणसांचे लिलाव, आईपासून तोडून विकलेली मुलं — बायकांच्या बाजूला काही जणींनी डोळ्यांना पदर लावले. पळून उत्तरेत आलेल्या गुलामाला धरून मालकाच्या हवाली करायचं, असा तिथं कायदा होता, आणि एरवी देवभीरू असणारी उत्तरेतली सभ्य माणसंही तो पाळत. हे सांगताना माझा आवाज चढला. मी म्हणालो, त्या सभ्य माणसांचं पाप मालकांच्या पापापेक्षा हलकं नव्हतं. टाळ्या पडल्या. शेवटी मी सांगितलं की यादवीपूर्वी तिथले लोक आपल्या देशाबद्दल 'ही राज्यं' असं अनेकवचनी बोलत आणि यादवीनंतर 'हा देश' असं एकवचनी बोलू लागले. एवढं रक्त एका वचनासाठी सांडलं, म्हणालो. पुन्हा टाळ्या.

मुक्त झालेल्यांचं पुढे काय झालं, तेही मी वाचलं होतं. जमीन जुन्या मालकांचीच राहिली, सुटलेली माणसं वाट्यानं कसायला त्याच शेतांवर परतली, त्यांच्यासाठी नवे कायदे आणि नवे दोर वळले गेले, आणि उत्तरेतल्या लोकांनी थकून तोंड फिरवलं. हे सगळं मी टिपून ठेवलं होतं. पण त्यावर व्याख्यान संपवलं असतं तर टाळ्या कुठून आल्या असत्या?

सत्कार म्हणून मला उपरणं आणि नारळ दिला. शेंडीचा, सोललेला, हळदकुंकू लावलेला.

छकडा घेऊन चांगू आला होता. खिडकीशी उभं राहून त्यानं सगळं व्याख्यान ऐकलं होतं, हे मला परतीच्या वाटेवर कळलं. ऊन उतरलं होतं. बैल आपणहून चालत होते. तो म्हणाला, "भाऊ, येक इचारू? त्या तिकडल्या राजानं त्या गुलामांना सोडलं, म्हंजे समद्यांना नारल दिला म्हना की."

तुम्हाला ठाऊकच आहे, आपण एखाद्याला कामावरून काढलं की म्हणतो, त्याला नारळ दिला. पण आमच्या किनाऱ्यावर लग्नगड्याच्या बाबतीत ते नुसतं बोलणं नव्हतं. मालकानं खरोखर हातात नारळ ठेवला तरच गडी सुटला. नारळ घेऊन गेलेल्या माणसाला कुणी अडवत नसे. हे क्वचित घडे, पण रीत सगळ्यांना माहीत होती. मलाही माहीत होती.

मी हसलो. म्हणालो, "हो, नारळच दिला."

"बायापोरांसकट?"

"बायकापोरांसकट."

"येवढे नारल आनले कुठून त्यानं?"

"आपल्या वाडीतले नेले असतील."

आम्ही दोघंही हसलो. मग तो समोर बघतच म्हणाला, "आपल्या वाडीत येवढे नारल, भाऊ. माज्या बापाला येक नाय मिलाला."

माझ्या अंगात अजून टाळ्या होत्या. त्या क्षणी मला मी फार मोठा वाटलो, हे कबूल करतो. मांडीवरचा सत्काराचा नारळ मी त्याच्यापुढे धरला. "घे. दिला तुला नारळ."

त्यानं बैल थांबवले. "तुमी देताव?"

"मी देतो."

"अण्णांना सांगाल?"

"सांगतो."

त्यानं हात धोतराला पुसले आणि दोन्ही हातांत नारळ घेतला. कपाळाला लावला. मग बैल हाकले.

मी मनापासून दिला होता का? की गंमत केली होती? इतकी वर्षं मी हे स्वतःला विचारतो आहे आणि दर वेळी सोयीचं उत्तर मिळतं. हात पुसून नारळ घेणाऱ्या माणसाचं तोंड मी पाहिलं होतं. गंमत असती तर त्याच वेळी सांगता आलं असतं.

अण्णांना मी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू. दिवस चैत्राचे. सुपारीला रोज पाणी हवं, आणि चांगूइतकं रहाटावर कुणी टिकत नसे. अण्णा चिडतील, मग घरात ताण येईल. त्यात मी शाळेत मुख्याध्यापकाच्या जागेवर डोळा ठेवून होतो आणि अण्णांचा शब्द तिथं चालत होता. चांगू रोज सकाळी माझ्याकडे बघायचा. मी डोळ्यांनीच 'थांब' म्हणायचो. काही दिवस तो थांबला. मग बहुधा त्याला वाटलं असावं की नारळ दिला म्हणजे दिला, आता विचारायचं कशाला.

एके दिवशी सकाळी त्यानं सगळ्या वाडीला पाणी दिलं, पाट साफ केले, रेडा बांधून त्याला वैरण टाकली. सोनीच्या डोक्यावर बोचकं होतं. मागच्या दारी वहिनीला म्हणाला, "येतो, वहिनी." तिला वाटलं सासुरवाडीला निघालाय. मग तो ओटीसमोरून आला, मला वाकून नमस्कार केला. त्याच्या हातात तो नारळ होता.

मला कळलं नाही, असं मी नंतर कितीदा तरी मनात म्हटलं. कळलं होतं. त्याच वेळी आत जाऊन अण्णांना एक वाक्य सांगायचं होतं. मी वर्तमानपत्र उघडलं.

रहाट थांबला. तुम्ही वाडीत राहिला नसाल तर तुम्हाला ती शांतता समजणार नाही. अण्णांनी माणसं पाठवली. चांगू आणि सोनी लांब गेलीच नव्हती. रेवदंड्याच्या बंदरात इस्माईल नाखव्याच्या मचव्यावर बसली होती. भरती आली की मचवा उरणकडे निघायचा होता, तिथल्या मिठागरांवर काम मिळणार होतं. लपली नव्हती हो. चांगू बंदरावर सगळ्यांना नारळ दाखवत होता.

त्यांना आणलं. आमच्या अंगणात गाव जमलं. इस्माईल नाखवाही पाठोपाठ चालत आला. त्याचं आमच्या घरी जुनं येणं-जाणं, आमच्या सुपाऱ्या त्याच्याच मचव्यातून मुंबईला जात. तो सरळ माझ्याकडे वळला. "मास्तर, हा बोलला का मला भाऊंनी नारळ दिला, म्हणून मी याला घेतला. पळालेल्याला मी बसवीत नाय. तुमचे तोंडातून ऐकायला आलोय. इमानानं सांगा."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, नुसतंच, उत्तर काय येणार हे ठाऊक असल्यासारखं. "तू दिलास?"

चांगू माझ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. हे मला तुम्हाला सांगायलाच हवं. तो निर्धास्त होता. मी बोलणार आणि सगळं मिटणार, अशा चेहऱ्यानं तो उभा होता.

मी म्हणालो, "नाही. मी कशाला देऊ?"

झालं. एवढंच वाक्य. मोठ्यानंही म्हणालो नाही.

अण्णांनी त्याच्या हातातून नारळ घेतला आणि फिरवून पाहिला. वाडीतून उचललेला नारळ सोडणासकट, म्हणजे वरच्या सालीसकट असता. हा सोललेला, शेंडीचा, वर कुंकू. अण्णा म्हणाले, "हा देवळातला आहे." गर्दीतून आवाज उठला. गुरव म्हणाला, देवीपुढचा नारळ गेल्याचं मला तरी माहीत नाही. पण त्याचं कुणी ऐकलं नाही. पळपुटा तर होताच, आता देवीचा चोरही झाला. त्याच्या खऱ्याचा एकच पुरावा होता, आणि माझ्या एका वाक्यानं तोच त्याच्यावर उलटला. त्या कुंकवावर वाचनालयाच्या चिटणिसाचं बोट उमटलं होतं, हे त्या अंगणात दोघांनाच माहीत होतं.

अजूनही वेळ होती. देवळातला नाही, एवढं तरी म्हणता आलं असतं. मी उपरण्याच्या टोकाशी चाळा करत उभा राहिलो. हो, त्याच सत्काराच्या उपरण्याच्या.

एकाला तिथल्या तिथं काठी बसली. मला 'चांगूला' म्हणायचं आहे. लिहितानाही हात दुसरीकडे जातो. सोनी मध्ये पडली, तिलाही लागली. मग अण्णांनी सगळ्यांना थांबवलं. देवीची चोरी म्हणजे पोलीस, तुरुंग, पण आपण आपल्या माणसाला तुरुंगात घालणार नाही, असं ते म्हणाले. लोकांना त्यांचा मोठेपणा वाटला. फक्त त्यानं शपथ घ्यायची. तोच नारळ पाटावर ठेवला. चांगूनं त्यावर हात ठेवून म्हटलं की जिवंत आहे तोवर मी आणि माझी बायको ही वाडी सोडणार नाही. मी दिलेल्या नारळावर हात ठेवून म्हटलं. मग नारळ फोडला आणि प्रसाद वाटला.

खोबऱ्याचा तुकडा माझ्याही हातावर आला. मी तो खाल्ला.

इस्माईल नाखवा प्रसादाला थांबला नाही. "बरं, मास्तर," एवढंच म्हणाला आणि गेला. पुढच्या हंगामापासून आमच्या सुपाऱ्या त्यानं नेल्या नाहीत. रस्त्यात भेटला तर बाजूला होऊन मला वाट द्यायचा. वाट द्यायचा, पण बोलायचा नाही.

आणि चांगू? तुम्हाला वाटेल, त्यानं कधीतरी जाब विचारला असेल. नाही. मी वाट पाहिली. शिवी तरी देईल म्हणून पाहिली. तो मला पूर्वीसारखंच 'भाऊ' म्हणत राहिला. रहाटावरचं गाणं तेवढं थांबलं. अण्णा एकदा जेवताना म्हणाले, हल्ली वाडी कशी शांत असते. पुढच्या वर्षी मला पुन्हा व्याख्यानाला बोलावलं. मी गेलो — हेही सांगून टाकतो — मी गेलो. छकडा त्यानंच हाकला. परतताना सत्काराचा नारळ मी पोटाशी घट्ट धरून बसलो होतो. तो समोर बघत होता. सगळा रस्ता.

मुख्याध्यापकाची जागा मला मिळाली.

काही वर्षांनी चांगू तापानं गेला. त्याच्या खोपटाशी मी गेलो होतो. शेवटपर्यंत शुद्धीत होता. माझ्या मनात वाक्य तयार होतं, फार छोटं. पण सोनी होती, शेजारची माणसं होती. एकट्यात बोलू म्हटलं. एकटा तो सापडलाच नाही. किंवा — नाही, सापडला होता. सोनी पाणी आणायला उठली होती तेव्हा. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "रेड्याला पानी दावलं का, भाऊ?" मी हो म्हणालो. ते तरी खरं होतं का, मला माहीत नाही.

पुढे अण्णा गेले. वाडी माझ्याकडे आली. गेल्या वर्षी मी विहिरीवर तेलाचं इंजिन बसवलं. रहाट मोडून त्याचं लाकूड जळणाला काढलं. आता माणसाची गरज उरली नव्हती, आणि तेव्हा मला सोनीला मोकळी करायचं सुचलं. गरज संपल्यावर. मी उत्तम नारळ निवडला, सोलून घेतला, हळदकुंकू लावलं. तिला ओटीपाशी बोलावलं. आता ती म्हातारी दिसते. आम्ही एका वयाचे, पण ती म्हातारी दिसते. मी नारळ पुढे केला आणि म्हणालो, सोने, तू मोकळी.

तिनं हात पुढे केला नाही. दोन्ही हात पदराआड घेतले.

"नगं, भाऊ. खाली ठेवा. ह्यो हातात दिसला का चोर म्हनतात."

मी म्हणालो, आता कोण म्हणणार? आणि तेवढं बोलतानाच माझी मान खाली गेली, कारण तेव्हा तरी ते कुणामुळे म्हटलं गेलं होतं?

ती म्हणाली, "तवा दोगं होतो. तवा जायाला जागा व्हती. आता मोकली हून कुठं जाऊ?" आवाज चढला नाही की उतरला नाही. मग इंजिनाच्या आवाजाच्या दिशेनं एकदा बघून ती वाडीच्या कडेच्या आपल्या खोपटाकडे वळली. ती तिथंच आहे. काम नाही. भात मी पाठवतो. कधी घेते, कधी तसाच परत येतो.

मी अजून तोच धडा शिकवतो. दुभंगलेलं राष्ट्र, यादवी, मुक्ती. नंतरचं काय, तेही आता शिकवतो, गाळत नाही. मुलं ते भराभर उतरून घेतात, परीक्षेला येतं म्हणून. शिकवताना माझा आवाज हल्ली चढत नाही.

नारळ ओटीवर जिथं ठेवला तिथंच आहे. आतलं पाणी आटलं असावं. परवा झाडताना हलवला तर खुळखुळला नाही. घरात कुणी विचारलं नाही, कुणी उचलला नाही.

त्या अंगणात म्हणायचं होतं ते वाक्य मी आजवर उच्चारलेलं नाही. लिहितो.

तो नारळ मी दिला होता.